शिडाच्या होडीतली गादी

६ सप्टेंबर २०१८, गुरुवार

आज दुकानात एका गृहस्थांनी त्रिकोणी गादी मागितली. अब्बा म्हणाले, "त्रिकोणी माणसं घेऊन या, शिवून देतो."

गृहस्थ मोठ्यांदा हसले. नाव जयसिंगराव. वय साठीच्या आसपास, बिबवेवाडीत घर. शेतं होती तिथे आता इमारती आहेत, त्यातल्या काही त्यांनीच बांधल्या. आता बांधकाम सोडून घरामागच्या शेडमध्ये सहा वर्षं शिडाची होडी बांधतायत. पुण्यात, डोंगराच्या पायथ्याशी. होडीच्या पुढच्या टोकाला झोपायची जागा आहे, डोक्याकडे रुंद, पायांकडे निमुळती. तिथे बसेल अशी गादी हवी.

अब्बांनी हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. "ही आमची इंजिनिअर. कापूस हिला चावतो. फोमचं तिला विचारा."

जूनपर्यंत मी एका फोमच्या कारखान्यात चाचणी विभागात होते. कंत्राट वाढवलं नाही. तेव्हापासून मार्केट यार्डाच्या भिंतीलगतच्या या दुकानात बसते आणि हमालांना पातळ गाद्या विकते. असं काम हातात येऊन तीन महिने झाले होते. ते माझ्या चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

मी विचारलं, किती जण झोपणार? दोघं, ते आणि त्यांच्या पत्नी. पत्नीची पाठ दुखते. बरीच वर्षं. दिवाळीनंतर निघायचं, दाभोळ, रत्नागिरी, मालवण, आणि मे महिन्यापर्यंत होडीवरच राहायचं, असा बेत आहे.

"आमचे थोरले बंधू म्हणतात, तिची पाठ सोसत असेल तरच तिला ने, नाहीतर ती घरी राहील. दादांचा शब्द आमच्यात कुणी मोडत नाही. तेव्हा ताई, तेवढं सोसेल असं करा. होडी मी बांधलीय, पाठ तुम्ही बघा."

त्या कुशीवर झोपतात की उताण्या, वजन किती, आत्ता कशावर झोपतात, हे विचारलं. त्यांना यातलं काहीच सांगता आलं नाही.

"ती वेगळ्या खोलीत असते. फळीवर. संन्याशीण आहे आमची."

९ सप्टेंबर, रविवार

होडीचं माप घेतलं. शिडी लावून वर चढायचं, मग छोट्या दारातून आत उतरायचं. झोपायच्या जागेत ताठ बसता येत नाही. डोक्यावर एक चौकोनी झडप आहे, तेवढाच उजेड. डोक्याकडची रुंदी १७२ सेंटिमीटर, पायांकडे ३८. बाजूच्या भिंती वर जाताना बाहेर झुकतात, त्यामुळे गादीची कड तिरकी कापावी लागेल, तळ लहान आणि वरचा भाग मोठा. पुठ्ठ्याचे तुकडे चिकटवून नमुना केला. तेव्हा कळलं की उजव्या आणि डाव्या भिंतीच्या झुकावात दोन अंशांचा फरक आहे.

ते मी सांगितलं.  जयसिंगरावांनी खाली रंगकाम करणाऱ्या मच्छिंद्रला वर बोलावलं आणि त्याच्या मानेवर हात ठेवला. "मच्छिंद्र, ताई म्हणतात होडी वाकडी आहे. होडी वाकडी की तू वाकडा?"

"मी असंल, साहेब."

"असंल नाही. आहेस."

हे सगळं हसत चाललं होतं. हात काढला तेव्हा मच्छिंद्रच्या मानेवर चार बोटं उमटली होती. मच्छिंद्र रंगारी आहे. होडीच्या सांगाड्याशी त्याचा संबंध नाही. मी फरक धरून नमुना पुरा केला.

त्यांच्या पत्नी, प्रेमलाकाकू, चहा घेऊन शेडच्या दारापर्यंत आल्या. आत आल्या नाहीत. मी म्हणाले, "काकू, तुमचंही माप लागेल."

"माझं? होडीला?"

"गादीला."

"मग गादीला विचारा ना. मी काय सांगणार?"

माझ्या चहात साखर नव्हती. जयसिंगरावांच्या कपाच्या तळाशी होती.

१२ सप्टेंबर, बुधवार

काकूंचं माप घ्यायला त्यांच्या खोलीत गेले. जयसिंगराव बाहेरच्या ओट्यावर फोनवर बोलत होते. खोलीत एक सागवानी दिवाण, वर चटई, उशी नाही. दाराला आतून दोन कड्या आहेत, वरची नवी. खोलीला एक पुरली असती.

पद्धत अशी. दाबल्यावर हळू वर येणाऱ्या फोमचा जाड तुकडा मी सोबत नेला होता. माणूस त्यावर कुशीवर झोपतं, उठतं, आणि खांदा, बरगडी, नितंब कुठे किती रुतले ते खळगा भरून यायच्या आत पट्टीने मोजायचं. त्यावरून कुठे मऊ आणि कुठे कडक फोम घालायचा ते ठरतं.

उजव्या कुशीवर त्या व्यवस्थित झोपल्या. डाव्या कुशीवर वळताना श्वास धरला आणि अर्ध्यावर थांबल्या. ब्लाउजची कड वर सरकली. डाव्या बरगड्यांवर हाताच्या पंजाएवढा डाग होता, मध्ये जांभळा, कडेने पिवळट झालेला. त्याच्या खाली आणखी एक, जुना.

"पायऱ्यांवरून पडले," त्या म्हणाल्या. मी काही विचारलं नव्हतं.

बंगला बैठा आहे. ओट्याला तीन पायऱ्या आहेत.

मी म्हणाले, "डाव्या बाजूला मऊ थर देऊ. त्या कुशीवरही झोपता येईल."

 त्यांनी दिवाणावर बसून पदर नीट केला. "शकीला ना तू? हे बघ, दोन वेगळ्या गाद्या कर. मध्ये एक फळी घाल. उभी."

"काकू, जागा निमुळती आहे. मध्ये फळी घातली तर पाय कुठे ठेवणार? आणि मध्ये फट असली की पाठीला त्रासच."

"त्रास होऊ दे की."

"मग गादी करायची कशाला?"

"तेच म्हणते मी," त्या म्हणाल्या. "पुण्यात एवढी गादीची दुकानं, एखादं तरी वाईट असेल ना. ह्यांना नेमका चांगलं काम करणाराच सापडला."

निघताना त्यांनी विचारलं, फोमचं कधी बिघडतं का? मी सांगितलं, आमच्याकडे नाही.

१३ सप्टेंबर, गुरुवार

अब्बांना डागांचं सांगितलं. ते उसवलेल्या गादीतला कापूस झोडत होते. थांबले नाहीत.

"तुझे आजोबा कापूस पिंजायची धनुकली खांद्यावर घेऊन घरोघर जायचे. गादी उसवली की अख्खं घर दिसतं. कुठे रक्त, कुठे केस, कुठे सवतीने घातलेली लिंबं. बघायचं, पिंजायचं, शिवायचं. अंगणातून निघालो की विसरायचं. म्हणून तर लोक आपल्याला घरात घेत आले."

माझंही तेच मत आहे. आपल्याला गादीचं विचारलं आहे.

रचना ठरवली. तळाला जाळी, म्हणजे होडीच्या तळातल्या दमटपणाने बुरशी येणार नाही. त्यावर कडक फोम, वर लॅटेक्सचा, म्हणजे लवचीक रबराचा थर. काकूंच्या भागात डाव्या खांद्यापासून कंबरेपर्यंत एक पट्टा मऊ. गादी दोन भागांत, पण सांधा आडवा, गुडघ्यांखाली, म्हणजे छोट्या दारातून आत नेता येईल आणि पाठीला कुठे जोड लागणार नाही.

असं काम आमच्या दुकानात कधी झालेलं नाही. खरं तर पुण्यातही कुणी केलं असेल असं वाटत नाही.

२६ सप्टेंबर, बुधवार

फोम आला. विजेच्या सुरीने तिरकी कड कापताना पहिला तुकडा वाया गेला. दुसरा बरोबर आला. अम्मी खोळ बेततेय. तिने विचारलं, बाई कशी आहे? मी वजन आणि उंची सांगितली. अम्मी म्हणाली, "हे वाण्याला सांग."

३० सप्टेंबर, रविवार

चाचणी झाली. सविस्तर लिहिते, कारण अजून मनात नीट बसलेली नाही.

काकूंनी निरोप पाठवला होता की साहेब घरी नसताना ये, तरच मी होडीत चढेन. मी कबूल केलं. जयसिंगराव सकाळीच खडकवासल्याला मित्रांच्या होड्या बघायला गेले होते. गादी आत नेली, जागेवर दाबून बसवली. चारही बाजूंना बोट जाईल एवढीही फट नव्हती. काकू शिडीवरून आल्या, आत उतरल्या, झडपेकडे बघितलं आणि म्हणाल्या, "कबरीला खिडकी असते हे मला माहीत नव्हतं."

"पडून बघा."

"पडते. आणि दुखतंय असं सांगते. तू लिहून घे."

"दुखलं तर लिहीन."

त्या उजव्या कुशीवर पडल्या. मग उताण्या. मग डाव्या कुशीवर वळल्या. या वेळी श्वास धरला नाही. मी विचारलं, कसं वाटतंय?  दोन-तीन मिनिटांनी पुन्हा विचारलं, तेव्हा त्यांना झोप लागली होती. तोंड थोडं उघडं, हात गालाखाली. दिवसाउजेडी, अनोळखी मुलीसमोर, ज्या जागेची भीती वाटते तिथेच. काम किती बरोबर झालंय ते पट्टीने सांगता येत नाही, त्याचा हा पुरावा होता. मी बाहेर पायरीवर बसून राहिले. मला फार बरं वाटत होतं.

तासाभराने फाटक वाजलं. जयसिंगराव लवकर परतले होते. शेडच्या दारात त्यांनी मला पाहिलं आणि भुवया उंचावल्या.

मी ओठांवर बोट ठेवलं आणि त्यांना वर यायची खूण केली.

का केली, ते आत्ता नीट सांगता येत नाही. काम दाखवायचं होतं. दाखवण्यासारखं दुसरं कुणी तिथे नव्हतं.

ते पाय न वाजवता चढले. दारातून वाकून बघत राहिले. मग फोन काढून फोटो घेतले, एक, दोन, तीन. "घोरतेय पण," ते हळूच म्हणाले. मग हळू राहिले नाहीत. "अहो संन्याशीणबाई! पाठ कशी आहे?"

काकू जाग्या झाल्या आणि उठताना डोकं वरच्या लाकडावर आपटलं. जयसिंगराव हसत होते. "दादांना फोटो दाखवतो. इतकी वर्षं फळीवर झोपून छळलं की आम्हाला!" त्यांचा आवाज अगदी प्रेमाचा होता.

काकू माझ्या शेजारून खाली उतरल्या. शेडच्या दाराशी थांबून म्हणाल्या, "छान झोप लागली. उपकार झाले तुझे."

मला ते कौतुक वाटलं. स्वारगेटपर्यंत चालत आले तोवर वाटेनासं झालं.

४ ऑक्टोबर, गुरुवार

अम्मीला रविवारचं सगळं सांगितलं. ती खोळीला चेन लावत होती. मशीन थांबवून म्हणाली, "तू त्याला हात करून बोलावलंस?"

"तो येणारच होता वर."

"मग येऊ द्यायचं होतं. तोवर तिला जाग आली असती."

मी म्हणाले, दुखणं खरं असेल तर गादीने कमी होईल. खोटं असेल तर त्याला गादी काय करणार?

"खोटं असेल तर खोटं राहू दे ना. बाईकडे तेवढं एकच आहे." मग मशीन सुरू करून, माझ्याकडे न बघता, "एवढी शिकलीस, आणि एक गादी बिघडवता येत नाही तुला."

बिघडवता येत नाही असं नाही. बिघडवायची कशी हे चांगली गादी करणाऱ्यालाच कळतं.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

दसरा झाला. अब्बा नमाजाला गेले होते, मी दुकानात एकटी होते. प्रेमलाकाकू रिक्षाने आल्या. रिक्षा थांबवून ठेवली. डाव्या हाताचं मनगट पदराखाली होतं, ते त्यांनी शेवटपर्यंत बाहेर काढलं नाही.

स्टूल दिलं. बसल्या नाहीत.

"साडी घ्यायला आलेय असं सांगून आलेय, तेव्हा लवकर ऐक. दादांनी फोटो बघितला. म्हणाले, फोटोचं मला कळत नाही, निघायच्या दिवशी मी प्रेमलाला तोंडावर विचारीन. ती नाही म्हणाली तर ती माझ्या घरी राहील. कळलं? एकदा विचारणार आहेत, सगळ्यांसमोर. मी नाही म्हणणार आहे. पण ह्यांनी ती गादी दादांना दाखवली, दाबून बघायला लावली, तर माझं नाही कुणाला पटेल? दादांनी स्वतः दाबून बघितली की त्यांना काहीतरी लागलं पाहिजे. गाठ म्हण, उंचवटा म्हण. तुला कळतं ते."

"तुम्ही दादांना खरं का सांगत नाही?"

"काय खरं?"

मी त्यांच्या मनगटाकडे पाहिलं.

"त्यांच्या सख्ख्या भावाचं? भाऊबंदांसमोर?" त्या हसल्या. "दादांना कळत नाही असं वाटतं तुला? म्हणून तर ते पाठीचं विचारतात. पाठीचं विचारता येतं, बाई. चारचौघांत विचारता येतं, चारचौघांत सांगता येतं. त्यांनी तेवढं दार ठेवलंय माझ्यासाठी. तू त्यात गादी घालून बसलीस."

मी म्हणाले, "काकू, गादीवर आमच्या दुकानाचं नाव आहे."

"हो," त्या म्हणाल्या. "आणि माझ्यावर कुणाचं आहे, ते तू पट्टी लावून मोजलंस."

रिक्षावाल्याने हॉर्न दिला. त्या वळल्या, पुन्हा थांबल्या. "घरात कसं, शेजारी आहेत, दादा आहेत, दाराला कडी आहे. पाण्यावर काय आहे? ओरडले तर मासे येतील?"

मी बघते म्हणाले. हो म्हणाले नाही. हे मुद्दाम नोंदवते.

२१ ऑक्टोबर, रविवार

दुकान बंद. मी एकटीच आत बसून ते करून बघितलं.

लॅटेक्स आणि कडक फोमच्या मध्ये डिंकाची एक जाड रेघ दिली, कंबरेच्या वर, जिथे मणका आत वळतो. डिंक वाळून दोरीसारखा कडक झाला. वरून दिसत नाही. हात फिरवला तर लागते न लागते. स्वतः पडून बघितलं. दहा मिनिटांत कंबर धरली. कुणालाही पटेल अशी गादी झाली होती. जयसिंगरावांनी उलटी-पालटी करून पाहिली असती तरी दोष कारागिराचा ठरला असता, बाईचा नाही.

मी ती गादी उभी करून बघत बसले. चारही कडा बरोबर, शिलाई बरोबर, आणि पोटात ती रेघ. मला ती बघवेना. जयसिंगरावांनी खडकवासल्याच्या तलावावरच्या पाच होडीवाल्यांना माझा नंबर दिलाय, त्यातल्या दोघांचे फोन येऊन गेलेत. हेही कारण असेल. पण तेवढंच कारण नाही. हातांनी बरोबर केलेली गोष्ट हातांनीच चुकीची करायची, याचा मला राग आला. काकूंचाही आला.

थर सोडवले, पातळ सुरीने डिंक खरवडून काढला, पुन्हा चिकटवले.

अम्मीने संध्याकाळी माझ्या बोटांवरचा डिंक पाहिला. "बिघडवलीस?" तिने विचारलं. मी म्हणाले, दुरुस्त केली.  जेवताना तिने पोळी ताटात टाकली, वाढली नाही.

२ नोव्हेंबर, शुक्रवार

गादी पोचती केली. काकू दिसल्या नाहीत. जयसिंगरावांनी गादीवर झोपून दोन्ही हात पसरले. "हॉटेल!" मच्छिंद्र होडीच्या बाहेरच्या बाजूला शेवटचा हात मारत होता. कान सुजला होता. "गांधीलमाशी," तो म्हणाला.

१२ नोव्हेंबर, सोमवार

आज होडी निघाली. जयसिंगरावांचा सकाळीच फोन आला की खोळ एका कोपऱ्यात ओढली जातेय, येऊन बघा. खोळ ठीक होती. त्यांना मला तिथे उभं करायचं होतं.

फाटकाबाहेर लांब ट्रेलर, त्यावर होडी. गल्लीतले लोक गॅलऱ्यांमधून फोटो काढत होते. होडी हलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी लाकडाच्या पाचरी ठोकलेल्या होत्या. एकीवर पॉलिश दिसलं म्हणून वाकून पाहिलं. सागवान. काकूंच्या खोलीतला दिवाण फोडून पाचरी केल्या होत्या.

"आता लागणार नाही ना तो," जयसिंगराव म्हणाले.

त्यांचे थोरले बंधू हिंदुराव खुर्चीत बसले होते. ऐंशीच्या घरातले, पांढरी टोपी, हातात काठी. नारळ फोडून झाला, पेढे वाटून झाले. काकू नव्या साडीत उभ्या होत्या. हातात छोटी पिशवी. सहा महिन्यांसाठी निघालेल्या बाईची वाटावी अशी ती पिशवी नव्हती.

हिंदुरावांनी काठी जमिनीवर टेकवली तसे सगळे गप्प झाले.

"प्रेमला. तुझ्या पाठीला सोसंल का हे? नसंल सोसत तर सांग. माझं घर हाय, तुझी जाऊ हाय. कुणी काय बोलणार न्हाय."

काकूंनी खाली बघत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "सोसत नाही, दादा."

जयसिंगराव हसले. फोन काढला, पुन्हा खिशात ठेवला. "दादा, तिला काय विचारता? ती फळीवरसुद्धा दुखतं म्हणायची. ही शकीलाताई उभी आहे. शिकलेली आहे, माप घेऊन गादी केलीय, हिच्या अंगाचा इंच न् इंच मोजलाय. तिला विचारा."

हिंदुराव माझ्याकडे वळले. म्हाताऱ्या माणसांचे डोळे पाणचट असतात तसे होते, पण बघत होते. "बाईमाणसाचं बाईमाणसाला कळतं. तू सांग, पोरी. सोसंल का हिला?"

गल्लीत ट्रेलरचं इंजिन चालू होतं. काकूंनी मान वर केली. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, माझ्या हातांकडे बघत होत्या.

मी म्हणाले, "गादीत काही दोष नाही."

"गादीचं न्हाय इचारलं मी."

त्यांनी तसं म्हटलं आणि ते थांबले. बराच वेळ थांबले. एवढ्या वेळात माणसाला काहीही सांगता येतं. चुकली म्हणता आलं असतं. माप घेताना माझीच चूक झाली, डावी बाजू दुखतेय त्यांची, इतकं जरी म्हटलं असतं तरी पुरलं असतं. गल्लीतले पंचवीसेक लोक, दोन होडीवाले, मच्छिंद्र. सगळ्यांसमोर. माझ्या मनात ते वाक्य तयारही झालं होतं. ते खोटं होतं एवढंच.

"सोसेल," मी म्हणाले.

हिंदुरावांनी काठी उचलली. "मग झालं," ते म्हणाले, आणि उठून घराकडे वळले. त्यांना धरायला दोघं धावले, त्यांचे हात त्यांनी झिडकारले.

जयसिंगरावांनी काकूंच्या पाठीवर हात ठेवला, मधोमध, आणि त्यांना गाडीकडे नेलं. ट्रेलर पुढे जाणार, गाडी मागून. त्यांनी स्वतः दार उघडलं, पदर दारात अडकू नये म्हणून तो उचलून आत ठेवला. मग माझ्याकडे येऊन हात जोडले. "ताई, दादांचा शब्द तुम्ही राखलात. तलावावरचे सगळे तुमचे."

काकू मागच्या सीटवर बसल्या होत्या. मी काचेशी गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. म्हणाले, "काकू, गादी दर आठवड्याला उभी करून वारा द्या."

त्यांनी काच खाली केली नाही. समोर बघत होत्या. जयसिंगराव शेजारी येऊन बसले तेव्हा त्या खिडकीकडे सरकल्या. गाडी वळून मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत मला त्यांची मान दिसत होती. ताठ. पाठ सीटला टेकलेली नव्हती.

त्या गाडीच्या सीटचा फोम चांगला असतो. टेकायला हरकत नव्हती.